वीस मिनिटांचा इतिहास

आमच्या तालुक्याच्या गावातल्या चित्रपटगृहात मुख्य चित्रपट ठरलेल्या वेळेला सुरू झाल्याचे मला आठवत नाही, आणि तशी कोणाची अपेक्षाही नसे. घंटा होई, दिवे मालवत आणि पडद्यावर फिल्म्स डिव्हिजनचा एखादा अनुबोधपट सुरू होई. कधी धरणाचे बांधकाम, कधी कुटुंबनियोजन, कधी दक्षिणेतली मंदिरे, कधी एखाद्या थोर पुरुषाची जन्मशताब्दी. त्या अंधारात जेमतेम पंधरावीस माणसे बसलेली असत. बाकीची मंडळी बाहेर शेंगा फोडत उभी. आम्ही भावंडांनी आत जाण्याची घाई केली की वडील म्हणत, "थांबा रे, अजून भारत सरकार चाललंय." ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या घरात त्या लघुपटांना 'भारत सरकार' हेच नाव पडले होते. वडिलांनी चेष्टेने दिलेले ते नाव किती नेमके होते, हे कळायला मात्र मला स्वतः महाविद्यालयात शिकवू लागेपर्यंत थांबावे लागले.

हे 'भारत सरकार' प्रेक्षकाच्या किंवा थिएटरमालकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांचा आधार घेऊन प्रत्येक चित्रपटगृहाला सरकारमान्य लघुपट दाखवणे सक्तीचे केले. लांबीची मर्यादा दोन हजार फूट, म्हणजे सुमारे वीस मिनिटे. हे लघुपट व वृत्तपट तयार करण्यासाठी 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आणि 'इंडियन न्यूज परेड' हे सरकारी विभाग होते. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते दोन्ही गुंडाळले गेले. त्याचा परिणाम असा झाला, की १५ ऑगस्ट १९४७ रोजी सत्तांतराचा सोहळा घडत असताना तो टिपायला सरकारजवळ स्वतःचे चित्रणपथकच नव्हते. खाजगी छायाचित्रकार आणि परदेशी वृत्तपटसंस्था यांनी जे टिपले, त्यावरच आज त्या दिवसाची आपली दृश्यस्मृती उभी आहे. पुढल्याच वर्षी, १९४८ साली, फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि सक्तीचा नियम चित्रपटगृहांच्या परवान्याच्या अटींमधून परतला. परकीय सरकारने युद्धप्रचारासाठी घातलेली अट स्वकीय सरकारने राष्ट्रउभारणीसाठी जवळजवळ जशीच्या तशी उचलली, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे. शिवाय या लघुपटांचे भाडे थिएटरमालकाला भरावे लागे. म्हणजे बाहेर शेंगा फोडणाऱ्या माझ्या वडिलांनी न पाहिलेल्या इतिहासाचे पैसे तिकिटातून केव्हाच चुकते केलेले असत.

मी मराठी शिकवते, इतिहास नव्हे. तरीही गेली काही वर्षे माझ्या वर्गात हे जुने लघुपट सतत येत राहिले आहेत. साठोत्तरी साहित्य शिकवताना 'भ्रमनिरास' हा शब्द मी फळ्यावर लिहिते, मुले तो वहीत उतरवतात आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो न विरघळता परत येतो. भ्रम कोणाचा, कशाविषयीचा, आणि त्याचा निरास झाला म्हणजे त्या माणसाच्या दिवसभरात नेमका काय फरक पडला, हे त्या शब्दातून मुलांपर्यंत पोहोचत नाही. त्यांचा दोष नाही. तो शब्द मीही असाच पाठ केला होता.

म्हणून एका वर्षी मी एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' वर्गात दाखवला. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला हा एकोणीस-वीस मिनिटांचा कृष्णधवल लघुपट. कल्पना अगदी साधी: स्वातंत्र्याला वीस वर्षे झाली, तर स्वातंत्र्याच्या वेळी जन्मलेल्या, म्हणजे नुकत्याच विशीत आलेल्या मुलामुलींना गाठायचे आणि त्यांना बोलते करायचे. शहरातले, खेड्यातले, इंग्रजीत सफाईने बोलणारे, अडखळणारे असे सगळे त्यात भेटतात. कोणी स्वप्ने सांगतो, कोणी नोकरीची विवंचना. आणि एक तरुण थंडपणे सांगून टाकतो की त्याला या देशाविषयी प्रेम वाटत नाही, आणि वाटत असले तरी ते सांगायचे कोणाला? १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते, १९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ होता, १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांतून काँग्रेसची सत्ता गेली होती. हे मी आधी सांगितले होते. पण त्या मुलाचा चेहरा पाहिल्यावरच वर्गात शांतता पसरली. माझे विद्यार्थी त्याच वयाचे होते.

दिवे लागल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे सरकारनंच काढलं ना? मग हे वाक्य राहू कसं दिलं?"

माझ्या मते एखाद्या ऐतिहासिक लघुपटाला विचारता येण्याजोगा याहून चांगला प्रश्न नाही. त्याचे थोडेफार उत्तर देता येते. इंदिरा गांधी १९६४ ते १९६६ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होत्या. त्या सुमारास जाँ भावनगरी हे युनेस्कोतले काम बाजूला ठेवून सल्लागार म्हणून फिल्म्स डिव्हिजनमध्ये परत आले होते. त्यांच्या आधाराने शास्त्री, प्रमोद पती, सुखदेव अशा दिग्दर्शकांना दोनतीन वर्षे बऱ्यापैकी मोकळीक मिळाली. म्हणजे 'सरकार' ही एकजिनसी वस्तू नसते. एखाद्या कचेरीत काही काळ एखादी खिडकी उघडी राहते आणि तेवढ्यात कोणीतरी एक वाक्य आत सोडून देतो. पण उत्तरापेक्षा मला प्रश्नच महत्त्वाचा वाटला. त्या मुलाने पडद्यावरून नजर काढून पडदा कोणी टांगला आहे याकडे पाहिले होते. प्रत्येक लघुपट दोन काळांविषयी बोलत असतो: तो ज्या काळाविषयी आहे तो, आणि ज्या काळात तो केला गेला तो. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून दृक्श्राव्य साधनांचा वापर होतो तेव्हा यातला पहिला काळ तेवढा शिकवला जातो आणि दुसरा सोडून दिला जातो. लघुपट म्हणजे भूतकाळाकडे उघडणारी खिडकी, असे गृहीत धरले जाते. खिडकी कोणी, कोणत्या भिंतीत आणि कशासाठी पाडली, हे विचारायचे राहून जाते.

आपल्याकडे लघुपट आणि शिक्षण यांचे नाते सिनेमाइतकेच जुने आहे, आणि त्याची मुळे मराठी माणसांत आहेत, हे येथे सांगायला हवे. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले. त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्याने मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये केंब्रिजची सीनियर रँग्लर ही पदवी मिळवून परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण त्यांनीच केले. गणितात पहिला आलेला एक मराठी तरुण आणि त्याच्या सत्काराला जमलेली माणसे, हा आपला पहिला वृत्तपट म्हणावा असा ऐवज. तो आज अस्तित्वात नाही. भाटवडेकरांच्या कामाची एकही फीत उरलेली नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल होताना दाखवणारी छोटी फीत तयार केली होती, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. कित्येक दिवस थोडेथोडे चित्रण करून त्यांनी ती वाढ मिनिटा-दोन मिनिटांत बसवली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला हा खटाटोप. पण शैक्षणिक लघुपटाचा आपल्याकडचा हा आद्य नमुनाच. शिवाय त्यात या माध्यमाचे मर्म उघड दिसते. वेल खराच वाढला होता, पण तसा वाढलेला डोळ्यांनी कोणीही पाहिला नव्हता. मधले तास गाळले म्हणूनच 'वाढ' दिसली.

इतिहासाच्या लघुपटातही मधले तास गाळलेले असतात. तेच तर शिकवायचे असते.

याचा मला सर्वांत मोठा धडा मिळाला तो दांडीयात्रेच्या निमित्ताने. मिठाच्या सत्याग्रहावर गटागटाने सादरीकरण करायचे होते आणि प्रत्येक गटाने एक दृश्यफीत आणायची होती. एका गटाने इंटरनेटवरून दोन मिनिटांची फीत आणली. कृष्णधवल, ओरखड्यांनी भरलेली, मध्येमध्ये थरथरणारी. गांधीजी समुद्राकाठी वाकतात, मीठ उचलतात, लोक जयजयकार करतात. वर्ग भारावला. मी मात्र चमकले, कारण त्या फितीतले गांधीजी म्हणजे बेन किंग्जली होते. रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या १९८२ च्या 'गांधी' या रंगीत चित्रपटातला तुकडा घेऊन कोणीतरी त्याचा रंग काढला होता आणि वरून ओरखडे टाकले होते. मुलांनी ती फीत खरी मानली ती त्या ओरखड्यांमुळे. जुनाटपणा हाच त्यांच्या लेखी पुरावा होता.

पुढच्या तासाला मी विठ्ठलभाई झवेरी यांच्या 'महात्मा' या १९६८ च्या अनुबोधपटातला यात्रेचा भाग दाखवला. मूळ चित्रपट पाच तासांहून मोठा. त्यात जगभरातून जमवलेले अस्सल चित्रण वापरले आहे. तो पाहताना वर्गात खसखस पिकली. गांधीजी आणि त्यांचे सहकारी तुरुतुरु, जवळजवळ पळत चालले होते. एक विद्यार्थिनी म्हणाली, "हे खोटं वाटतंय, मॅडम. कालचं जास्त खरं होतं."

तो सगळा तास मग आम्ही या एका वाक्यावर घालवला. मूकपटाच्या काळातले कॅमेरे बहुधा हाताने फिरवत आणि दर सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चौकटी टिपत. तीच फीत पुढे बोलपटाच्या गतीने दाखवली की माणसे लगबगीने चालू लागतात. मग गांधीजी खरोखर किती वेगाने चालत होते? हे फितीवरून ठरत नाही; त्यासाठी कागदाकडे वळावे लागते. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून ५ एप्रिलला दांडी. अंतर सुमारे दोनशे चाळीस मैल. मुक्कामाचे, सभांचे आणि विश्रांतीचे दिवस धरूनही दिवसाला सरासरी दहा मैल, आणि वय एकसष्टावे. मुलांनी वहीत भागाकार केला आणि हसणे थांबले. फीत 'खोटी' होती, पण म्हातारा खरोखरच झपाझप चालणारा होता.

तेवढ्यावर थांबलो नाही. त्या चित्रणात आवाज नाही. नंतरच्या अनुबोधपटांत त्यावर ऐकू येणारे पावलांचे आवाज, भजने, घोषणा हे सारे पुढे कोणीतरी घातलेले. आवाजासह गांधीजी कॅमेऱ्यासमोर बोलले ते १९३१ मध्ये, फॉक्स मूव्हीटोन या अमेरिकी वृत्तपटसंस्थेसाठी. शिवाय मीठ उचलणाऱ्या गांधीजींचे जे छायाचित्र दांडीचे म्हणून पाठ्यपुस्तकांपासून भित्तिपत्रकांपर्यंत सर्वत्र दिसते, ते दांडीचे नसून भीमराड येथील, तीन दिवसांनंतरचे, ९ एप्रिलचे आहे. आणि मुलांना सर्वांत धक्का बसला तो या गोष्टीचा, की सत्याग्रहाचे चित्रण अनेक भारतीय कंपन्यांनी केले होते आणि सरकारने त्या फितींवर बंदी घातली होती. म्हणजे १९३० मध्ये हे चालणे पडद्यावर दिसणेच सरकारला धोक्याचे वाटत होते. ज्या तुरुतुरु चालण्याला वर्ग हसला, त्याला एक साम्राज्य घाबरले होते.

आता या प्रश्नाला वेगळीच धार आली आहे. ओरखडे टाकायला आता संकलकही लागत नाही. रायगडावरचा राज्याभिषेक, १८५७ ची लढाई, सावित्रीबाईंची शाळा यांच्या 'दुर्मीळ' चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार होऊन विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर रोज येऊन पडतात. सावित्रीबाईंनी शिकवायला सुरुवात केली १८४८ मध्ये. आपल्याकडे चलच्चित्र आले १८९६ मध्ये. एवढी एक वजाबाकी मनात असली तरी पुष्कळ काम होते, पण ती करण्याची सवय लागलेली नसते. स्थिर चित्रांचीही हीच कथा. १८७६ ते ७८ च्या मद्रासकडील दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली अस्थिपंजर माणसांची छायाचित्रे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची म्हणून सर्रास चिकटवली जातात. हेतू बहुधा वाईट नसतो. भूक ती भूकच, असे कोणी म्हणेलही. पण एका माणसाची भूक दुसऱ्याच्या नावावर लावली की पहिला माणूस दुसऱ्यांदा मरतो, असे मला वाटते.

लघुपट वर्गात दाखवण्याची माझी पद्धत या सगळ्यातून हळूहळू घडली. मी तो आधी आवाज बंद करून दाखवते. ज्या प्रतीत सेन्सॉरचे प्रमाणपत्र शिल्लक असेल तिथे तेही वाचायला लावते, कारण त्यावर भाषा असते, लांबी असते, तारीख असते. इंटरनेटवर फीत चढवणारे नेमके तेच कापतात. मग मुलांनी त्या मुक्या दृश्यांवर मराठीत निवेदन लिहायचे. पहिल्या खेपेला जे आले ते वाचून मी हतबुद्ध झाले. खजुराहोची शिल्पे असोत, भाक्रा-नांगल असो वा पैठणचा हातमाग, प्रत्येक निवेदन 'आपल्या गौरवशाली परंपरेची साक्ष देणारे' या वळणाचे. ज्यांनी फिल्म्स डिव्हिजनचा एकही लघुपट थिएटरात पाहिलेला नाही, त्या मुलांच्या लेखणीतून तोच धीरगंभीर, अंगाखांद्यावर विशेषणे ल्यालेला आवाज बाहेर पडत होता. तो आवाज कुठून आला? पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून, स्मरणिकांतून. कदाचित माझ्या व्याख्यानांतूनही. दुसऱ्या खेपेला एकच अट घातली, विशेषण वापरायचे नाही. अर्ध्या मुलांच्या कागदावर दोन ओळी उरल्या. पण त्या दोन ओळींत 'बाई डोक्यावर सात घमेली घेऊन चढते आहे, तिच्या पायात काही नाही' असे एक वाक्य होते. धरणावरचा तो लघुपट मी दहा वेळा पाहिला होता. ते पाय मला दिसले नव्हते.

या बाबतीत माझ्या पिढीने तक्रार करू नये असे नाही, पण कृतघ्नही होऊ नये. पुण्याला १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'बालचित्रवाणी'चे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहून आम्ही वाढलो. शाळेत संच नसे, मग शेजारच्या घरी जाऊन बसायचे. साधे रंगवलेले पडदे, थोडे बिचकणारे नट. पण लेणी, किल्ले, संतांची गावे पहिल्यांदा हलताना पाहिली ती तिथेच. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. फिल्म्स डिव्हिजनचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले, तसेच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचेही. एकट्या फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह आठ हजारांहून अधिक चित्रपटांचा. त्यातले पुष्कळ आता घरबसल्या पाहता येतात, ही मोठीच सोय. मात्र जपणूक म्हणजे काय याची आठवण ठेवायची तर पुण्यातच २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेली आग आठवावी. जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा तीत जळाला. कागद जळतो तसा फितीवरचा इतिहासही जळतो, फक्त अधिक भडकून.

असो. दोन लघुपट शेजारी ठेवले की शिकवण्याचे काम अर्धे होते, हेही अनुभवाने कळले. आणीबाणीविषयी (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) आजची मुले एकतर काहीच ऐकून नसतात किंवा घरच्या राजकारणाप्रमाणे एकच बाजू ऐकून असतात. मी त्यांच्यासमोर सुखदेव यांचा १९७६ चा 'थंडर ऑफ फ्रीडम' ठेवते आणि आनंद पटवर्धन यांचा 'वेव्ज ऑफ रेव्होल्यूशन' ठेवते. पहिल्याची भूमिका आणीबाणीच्या समर्थनाची. दुसरा जयप्रकाशांच्या बिहारमधील आंदोलनाचा. सुपर-एट या घरगुती वापराच्या फिल्मवर बराचसा टिपलेला, पडद्यावर दाखवून पुन्हा मोठ्या फिल्मवर उतरवलेला, आणीबाणीत चोरून दाखवला गेलेला आणि तुकडे करून देशाबाहेर पोहोचवलेला. एकाची प्रतिमा स्वच्छ, दुसऱ्याची दाणेदार आणि धूसर. येथे मात्र ओरखड्यांना खरोखरच अर्थ आहे, तो त्या फितीच्या प्रवासाचा अर्थ आहे, हे दांडीच्या प्रकरणानंतर मुलांना सांगावे लागत नाही.

तरीही याची 'खरा लघुपट आणि खोटा लघुपट' अशी जोडी होऊ नये म्हणून मी त्यांना सुखदेव यांचाच 'इंडिया ६७' दाखवते. त्यात निवेदनाचा एक शब्दही नाही. देशाचा एक दिवस, त्यातली विसंगती, विनोद, दैन्य, सारे केवळ दृश्य आणि ध्वनी यांच्या जोरावर. हा माणूस नऊ वर्षांनी आणीबाणीची बाजू मांडतो. का? भीती, विश्वास, सोय, की देशाला शिस्त हवी असे मनापासून वाटणे? या प्रश्नावर वर्गात झालेली भांडणे मी मिटवत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला लेखकाचे बदलणे समजून घ्यावे लागते; कॅमेरा हातात असलेला माणूस त्याला अपवाद कसा असेल?

दोन वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांनाच लघुपट करायला सांगितले. विषय, आपल्या पंचक्रोशीतला वारसा. अट, पाच मिनिटांच्या आत आणि भ्रमणध्वनीवर. वारसा म्हटल्यावर निम्म्या गटांनी किल्ला धरला. हवेतून घेतलेली दृश्ये मिळवली, मागे तुतारी लावली, झाले. एका गटाने मात्र महाविद्यालयापासून बारा-पंधरा किलोमीटरवरच्या गावातले वीरगळ निवडले. महादेवाच्या पडक्या देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले चार दगड.

ज्यांनी वीरगळ नीट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. लढाईत किंवा गाईगुरांचे रक्षण करताना मेलेल्या माणसाचे हे स्मारक. दगडावर एकावर एक असे तीन-चार चौकोन कोरलेले असतात. तळाशी झुंज किंवा पडलेला वीर, कधी सोबत गाई. त्यावर त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील असे सांगणारे. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर गलबतांसह आरमारी लढाई कोरली आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. मेलेल्याचे नाव कळत नाही, फक्त तो मेला कसा हे कळते.

गटातल्या मुलीने चित्रण छान केले होते. सकाळचे ऊन, स्थिर हात, दगडाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत संथपणे उतरणारा कॅमेरा. मोठ्या वास्तूचे चित्रण सगळेच असे करतात, कळसापासून पायरीपर्यंत. वर्गात तो लघुपट पाहताना मला काहीतरी खटकत राहिले आणि दुसऱ्यांदा पाहताना कारण लक्षात आले. तिच्या लघुपटात माणूस आधी स्वर्गात होता, मग अप्सरांच्या हातातून खाली येत होता आणि शेवटी मरत होता. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने ठरवलेला क्रम कॅमेऱ्याच्या एका सवयीने उलटला होता, आणि एकही चुकीचे वाक्य न बोलता त्या लघुपटाने चुकीचा इतिहास सांगितला होता.

एक चूक माझीही झाली होती. कोरीव काम उठून दिसावे म्हणून दगडावर रांगोळी किंवा पीठ भुरभुरवा, असे मीच सुचवले होते. जुन्या पुस्तकांतली छायाचित्रे पाहून ते मला योग्य वाटे. पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका स्नेह्याने त्याबद्दल माझी चांगली खरडपट्टी काढली. दगडाची हानी होते. बाजूने तिरपा प्रकाश पाडला की सारे स्पष्ट दिसते. मुलांनी तर माझ्याही पुढे जाऊन एका वीरगळावरचा शेंदूर खरवडायला घेतला होता. तेव्हा देवळात रोज पाणी घालायला येणाऱ्या एका आजींनी त्यांचा हात धरला. "त्याला उघडा कशापायी करताय?" त्या म्हणाल्या. गावात लग्न निघाले की पहिली हळद या दगडांना लागते, हे मुलांना तेव्हा कळले. कोण होता तो, हे आजींनाही ठाऊक नव्हते. "आमचा वीर," एवढेच त्या म्हणाल्या.

हा प्रसंग मुलांनी लघुपटात घेतला नव्हता. तो वारशात बसत नाही, असे त्यांना वाटले होते.

त्या मुलीने सगळे पुन्हा चित्रित केले. या खेपेला संध्याकाळी, मैत्रिणीने बाजूला विजेरी धरून. कॅमेरा दगडाच्या तळापासून सुरू झाला: आधी गाई, मग पडलेला माणूस, मग अप्सरा, मग पिंडीपुढे बसलेला वीर, मग चंद्रसूर्य. शेंदूर होता तिथे तसाच ठेवला. निवेदन एकंदर सहा वाक्यांचे, त्यात विशेषण एकच, 'जुना'. लघुपट तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा झाला. शेवटी नावांची पाटी येते. तिच्यावर चित्रणाची तारीख आहे, गावाचे नाव आहे, पहिल्या चित्रणात क्रम चुकला होता याची एका ओळीत नोंद आहे, आणि 'माहिती' या शब्दापुढे त्या आजींचे पूर्ण नाव आहे. आजींना तो लघुपट देवळाच्या ओट्यावर बसून भ्रमणध्वनीवर दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिला, आपले नाव नातवाकडून वाचून घेतले आणि विचारले, "आन त्येचं?"